पुलगावहून विमानतळ: मेट्रो सोपी आहे, अवघड आहेत ते पहिले चौदा किलोमीटर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: आई-बाबा पुलगावपासून चौदा किलोमीटरवरच्या गावात राहतात, तुम्ही मुंबईत मरोळला. दोघंही सत्तरी ओलांडलेले, विमानात कधी बसलेले नाहीत. नागपूरहून दुपारी १२.४० चं विमान आहे. गावातून एसटीने पुलगाव, तिथून रेल्वेने नागपूर आणि पुढे मेट्रोने विमानतळ, असा बाबांचा बेत. मामा म्हणतात सरळ गाडी करा. बाबा म्हणतात, तीन-चार हजार रुपये गाडीत कशाला घालायचे, मेट्रो झाली ना आता. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "मेट्रोचं स्टेशन विमानतळाच्या आतच आहे ना?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: नाही. ते वर्धा रोडवर आहे, टर्मिनल तिथून आत किलोमीटरभराहून जास्त. पण तुमच्या बेतातली खरी भानगड ती नाहीच.

मी तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर तिकिटांचं दुकान चालवतो. १८ वर्षं झाली. सुरुवातीला फक्त रेल्वेची तिकिटं, मग विमानाची. गिऱ्हाईक म्हणजे बेंगळुरूला शिकणारी पोरं, सुट्टी संपवून परत जाणारे जवान, मुंबईला तपासणीसाठी जाणारे पेशंट, आणि अलीकडे तुमच्या आई-बाबांसारखी माणसं, ज्यांची लेकरं शहरात आहेत. तिकीट काढून दिलं की माझं काम संपलं असं मी पहिली काही वर्षं समजत होतो. विमान हुकलेल्या माणसाचा फोन कंपनीला जात नाही, मला येतो, हे कळल्यावर मी गाव ते विमानतळ अख्खा रस्ता विचारायला लागलो.

"रेल्वे-मेट्रोने जमेल का?" असं विचारलं तर उत्तर "जमतं" असंच आहे, रोज लोक जातात. त्यापेक्षा असं विचारा की कुठली कडी तुटली तर दुसरी किती वेळात मिळेल. सीताबर्डीला मेट्रो हुकली तर दहा-पंधरा मिनिटांत दुसरी येते. नागपूर स्टेशनबाहेर एका ऑटोवाल्याशी जमलं नाही तर मागे दहा उभे असतात. पुलगावला रेल्वे हुकली तर तास-दोन तास गेले. आणि गावातली एसटी आली नाही तर? मग दुपारची. माणसं नेमकी उलटी घाबरतात. बाबांना धास्ती असते सरकत्या जिन्याची, मेट्रोच्या आपोआप उघडणाऱ्या दारांची, आणि एसटीचं म्हणाल तर "ती तर आपलीच आहे, येईलच".

तुमच्या गावाला मुक्कामी गाडी आहे, असं तुम्ही लिहिलंय. मुक्कामी गाडी फार मायेची. रात्री पारापाशी उभी राहते, ड्रायव्हर-कंडक्टर ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपतात आणि सकाळी तीच पहिली फेरी घेऊन निघते. पण आदल्या रात्री ती आलीच नाही, तर सकाळी निघायला गाडीच नसते. पावसाळ्यात नाल्याला पूर आला, गाडी बिघडली, यात्रेसाठी जास्तीच्या फेऱ्या लागल्या आणि तुमची फेरी रद्द झाली, कारणं कितीतरी. आणि कळतं कधी? पहाटे पिशव्या घेऊन पारापाशी उभं राहिल्यावर. कोणीतरी सायकलवरून जाता जाता सांगतो, "काकाजी, रातच्यालेच नाही आली न गाडी, कायले उभे राहिले?"

म्हणून माझा सल्ला असा, की पैसे खर्चायचेच असतील तर या पहिल्या चौदा किलोमीटरवर खर्चा. गावातला कोणाचा तरी ऑटो किंवा ओम्नी आदल्या दिवशी सांगून ठेवा, थोडे पैसे आगाऊ द्या. आगाऊ दिलेले पैसे माणसाला पहाटे उठवतात. पुलगावपर्यंतच्या ऑटोला जे लागेल ते मामांच्या गाडीच्या भाड्यापुढे किरकोळ आहे. एसटीत आईंना अर्धं तिकीट आहे (मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना आहे), बाबांनाही ६५ च्या वर असल्यामुळे अर्धं, आणि ७५ पूर्ण झाली की फुकट. बाबांचा एसटीवर जीव का आहे ते कळतं. ती सवलत त्यांना परत येताना घेऊ द्या. जाताना नको.

आता रेल्वे. पुलगाव ते नागपूर अंतर शंभरएक किलोमीटरच्या थोडं वर, मधे वर्धा. मुंबईकडून रात्रभर चालत आलेल्या गाड्या सकाळी आपल्याकडे येतात. त्या वाटेत जेवढ्या उशिरा झाल्या तेवढ्या उशिराच पुलगावला पोचतात. जवळून सुटणाऱ्या पॅसेंजर-मेमूला हा मागचा उशीर चिकटलेला नसतो, पण मागून एक्स्प्रेस आली की पॅसेंजरला बाजूला उभं करतात. म्हणजे एक गाडी उशिरा येते आणि दुसरी वाटेत उशिरा होते. मी म्हाताऱ्या माणसांना शक्यतो एक्स्प्रेसचं आरक्षण देतो, कारण एक्स्प्रेस उशिरा असेल तर ते घरबसल्या मोबाइलवर दिसतं. पॅसेंजर वेळेवर निघते, आणि ती कुठे उभी राहील ते कोणालाच दिसत नाही. काटोल-नरखेडकडून येणाऱ्यांना मात्र हिवाळ्यात वेगळं सांगतो. दिल्लीकडच्या गाड्या डिसेंबर-जानेवारीत धुक्याने चार-चार, सहा-सहा तास लांबतात. त्यांच्या भरवशावर विमान धरू नये.

आरक्षण असलं तरी सीट रिकामी मिळेलच असं नाही, हेही आईंना सांगून ठेवा. सकाळी पुलगाव, वर्ध्याहून नागपूरला अपडाऊन करणारी मंडळी स्लीपरमध्ये चढतात. वाईट नसतात बिचारी, नोकरीवर निघालेली असतात. पण "जरा सरकून घ्या काकू" करत चार जणांच्या जागेत सात होतात आणि तुमची बॅग कोणाच्या तरी पायाखाली जाते. भांडू नका. बॅग बर्थखाली दाराकडच्या बाजूला ठेवा, म्हणजे उतरताना ओढून काढता येते. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती परत आली नाही, तेव्हा तिकीट पूर्णच लागेल. बाबा ते विचारतीलच.

आता माझी एक चूक सांगतो. एका पोराला मी सकाळच्या गाडीचं आणि दुपारच्या विमानाचं तिकीट काढून दिलं होतं. नागपूरला पोचायची वेळ आणि विमानाची वेळ यात पावणेतीन तास होते, मला वाटलं भरपूर झाले. गाडी वर्ध्याहून वेळेवर सुटली. नागपूरच्या अलीकडे आउटरला, म्हणजे स्टेशनबाहेरच्या सिग्नलला, उभी राहिली. पाच मिनिटं, पंधरा, तीस. पोरगा दारात उभा राहून मला फोन करत होता, "काका, समोर नागपूर दिसून राहिलं, पण गाडी काही हलून नाही राहिली." शेवटी पंचावन्न मिनिटांनी गाडी फलाटाला लागली. पुढे त्याने मेट्रोच धरली, कारण त्याला तेवढंच सांगितलेलं होतं. काउंटर बंद झाल्यावर सात मिनिटांनी तो पोचला. तिकिटाचे पैसे गेले. त्यातले अर्धे मी दिले, कारण बेत माझा होता.

यातून दोन गोष्टी मी कायमच्या धरल्या. पहिली, हिशोब विमानाच्या वेळेपासून नाही, काउंटर बंद होण्याच्या वेळेपासून उलटा करायचा. देशांतर्गत विमानांना बहुतेक कंपन्या ६० मिनिटं आधी सामानाचा काउंटर बंद करतात, गेट साधारण २५ मिनिटं आधी. तुमचं १२.४० म्हणजे खरं ११.४०. दुसरी, रेल्वे आणि विमान यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. रेल्वेची रेल्वेशी जोडणी असेल तर १ एप्रिल २०१९ पासून दोन तिकिटं एकमेकांना जोडता येतात, पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी हुकली तर परतावा मिळतो. विमानाच्या बाबतीत असं काही नाही. आउटरला उभ्या असलेल्या गाडीची विमान कंपनीला पर्वा नाही, आणि कायद्याने ती असायचं कारणही नाही.

तर उलटा हिशोब मांडू. काउंटर बंद ११.४०. पहिल्यांदा जाणारी दोन वयस्क माणसं, दाराशी ओळखपत्र दाखवणं, रांग, सामान देणं, म्हणून टर्मिनलच्या दारात १०.४० ला. मेट्रोच्या एअरपोर्ट स्टेशनवरून दारापर्यंत ऑटो शोधून पोचायला पंधरा मिनिटं, म्हणजे तिथे १०.२५. नागपूर रेल्वे स्टेशनच्या फलाटापासून मेट्रोच्या एअरपोर्ट स्टेशनपर्यंत, गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या चालीने, मी सव्वा तास धरतो. तुम्हाला एकटीला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतील, म्हणून नेटवर पाहून तुम्हाला हा आकडा जास्त वाटेल. म्हणजे फलाटावर ९.१० ला. आणि गाडी तासभर उशिरा येऊ शकते, म्हणून वेळापत्रकात नागपूरला ८.१० किंवा त्याआधी पोचणारी गाडी. तशी गाडी तुमच्या दिवशी पुलगावहून सोयीची नसेल, तर हा बेत सोडा आणि खाली लिहिलेला एसटीचा बेत धरा.

गाडीत बसल्यावर निर्णय कुठे घ्यायचा, तर वर्ध्याला. वर्धा सोडल्यावर सिंदी, बुटीबोरी अशी छोटी स्टेशनं लागतात, तिथे उतरून काही उपयोग नाही. वर्ध्याला तुम्ही मुंबईतून मोबाइलवर गाडीची वेळ बघा आणि बाबांना फोन करा. अर्ध्या तासापर्यंत उशीर असेल तर ठरल्याप्रमाणे. त्याहून जास्त असेल तर मेट्रो विसरा, नागपूरला उतरून सरळ ऑटो किंवा टॅक्सी. दीड तासाच्या वर गेला तर वर्ध्यालाच उतरून टॅक्सी. बाबांना आधीच बजावून ठेवा की हा निर्णय तुमचा आहे, त्यांचा नाही. नाहीतर ते "होते न, पोचते गाडी" म्हणत बसून राहतील.

गाडी अजनीला थांबत असेल तर तिथेच उतरणं बरं. वर्ध्याकडून येताना अजनी नागपूरच्या आधी लागतं आणि विमानतळाच्या बाजूला आहे, त्यामुळे नागपूरला जाऊन परत मागे यायचं वाचतं. फक्त एक गोंधळ टाळा: अजनी रेल्वे स्टेशन आणि अजनी चौक मेट्रो स्टेशन या दोन वेगळ्या जागा आहेत, एकातून बाहेर पडलं की दुसरं समोर असं नाही. अजनीला उतरलात तर सामानासकट मेट्रो शोधत बसू नका, सरळ विमानतळाचा ऑटो करा. नागपूर आणि अजनी दोन्ही स्टेशनांच्या नव्या बांधणीचं भूमिपूजन डिसेंबर २०२२ मध्ये झालं, तेव्हापासून पत्रे, खोदकाम आणि बदललेली दारं यांची सवय ठेवावी लागते. मागच्या वेळी होतं ते दार या वेळी असेलच असं समजू नका.

आता मेट्रो, ज्याची बाबांना इतकी हौस आहे. नागपूर मेट्रोच्या दोन मार्गिका आहेत. ऑरेंज लाइन ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी, उत्तर-दक्षिण. ॲक्वा लाइन प्रजापती नगर ते लोकमान्य नगर, पूर्व-पश्चिम. दोन्ही सीताबर्डीला एकमेकींना भेटतात. मार्च २०१९ मध्ये खापरी-सीताबर्डी सुरू झालं आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा पुरा झाला. रेल्वे स्टेशनजवळचं मेट्रो स्टेशन ॲक्वा लाइनवर आहे आणि ते संत्रा मार्केटच्या बाजूला. आपले लोक सवयीने एक नंबर फलाटाकडून, मुख्य दाराने बाहेर पडतात, आणि मग मेट्रो कुठे आहे विचारत अख्ख्या स्टेशनला वळसा घालतात. पूल चढल्यावर पाटी बघायची, "संत्रा मार्केट". हा एक शब्द बाबांना पाठ करून घ्या, अर्धं काम झालं.

तिथून कॉटन मार्केट आणि पुढचं सीताबर्डी, म्हणजे दुसरं स्टेशन. सीताबर्डीला दोन मार्गिका वेगवेगळ्या मजल्यांवर आहेत. लिफ्ट आहे, सरकता जिना आहे. आई नऊवारी नेसत असतील किंवा पदर लांब सोडत असतील तर लिफ्टच. सरकत्या जिन्याशी माणूस थबकतो, मागचे धडकतात आणि मग पडापडी होते. माझ्या आईने पहिल्यांदा एक पाय ठेवला, दुसरा ठेवायला नको म्हणाली आणि खाली-वर अशी ताणली गेली. आम्ही हसलो, पण ती पुढे वर्षभर नागपूरला यायला तयार नव्हती.

सीताबर्डीहून खापरीकडे जाणारी गाडी. काँग्रेस नगर, रहाटे कॉलनी, अजनी चौक, छत्रपती चौक, जयप्रकाश नगर, उज्ज्वल नगर, आणि मग एअरपोर्ट. पुढे लगेच एअरपोर्ट साऊथ, आणि त्यापुढे न्यू एअरपोर्ट. एकामागोमाग तीन स्टेशनांच्या नावात एअरपोर्ट! "न्यू" म्हणजे नवीन, नवीन म्हणजे चांगलं, असं समजून एक गुरुजी आमच्याकडचे तिकडे जाऊन उतरले होते, परतीची गाडी धरून मागे आले. सीताबर्डीकडून जाताना पहिलं एअरपोर्ट आलं की उतरायचं, हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. मोजायचंच तर सीताबर्डीनंतरचं सातवं.

या रस्त्यात बाबांना खिडकीशी उभं राहू द्या. वर्धा रोडवर खाली रस्ता, वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो, असा ३.१४ किलोमीटरचा पूल आहे, गिनीज बुकात नोंद झालेला. पस्तीस वर्षांपूर्वी याच रस्त्यावर त्यांनी एसटीतून धूळ खाल्ली असेल.

तिकीट खिडकीवर काढायला सांगा, दोघांना वेगवेगळं, छापील. तुम्ही मुंबईतून मोबाइलवर काढून पाठवलं तर ते नेमकं बाहेर पडताना व्हॉट्सॲपच्या सुप्रभातांखाली हरवतं. आत शिरताना लागतं तसंच बाहेर पडतानाही दाखवावं लागतं, हे पहिल्यांदा जाणाऱ्याला माहीत नसतं आणि तो तिकीट चुरगाळून टाकतो. भाडं पन्नासच्या आत आहे. मेट्रो साधारण सकाळी सहा ते रात्री दहा चालते. तुमचं विमान दुपारचं आहे म्हणून ठीक. सकाळी सहा-सातचं असतं तर मी मेट्रोचं नावही काढलं नसतं, आदल्या रात्री नागपूरला नातेवाइकाकडे मुक्काम आणि पहाटे टॅक्सी, एवढंच सांगितलं असतं.

मेट्रो स्टेशनात शिरताना बॅगा मशीनमधून जातात. इथे मावशीचा किस्सा सांगतो. मी तिला स्वतः घेऊन निघालो होतो. बॅग मशीनमध्ये गेली आणि पडद्यावर तूरडाळीच्या पुरचुंड्यांच्या मधोमध एक वाकडं पातं लख्ख दिसलं. विळी. जुन्या लुगड्यात गुंडाळून, सुतळीने आवळून ठेवलेली. जवानाने अदबीने विचारलं, "माताजी, ये क्या है?" मावशी म्हणाली, "पोरीकडे कांदा चाकूने कापतात म्हणे, विळीच नाही घरात." तो हसला, पण सोडली नाही, आणि त्याचं बरोबरच होतं. मी ती जवळच्या ओळखीच्या पानठेल्यावर ठेवून आलो, वीस मिनिटं गेली, मग ऑटो केला. मावशी वाटभर बोलली नाही. विळी, अडकित्ता, खलबत्ता, कोयता, जे काही लेकीच्या संसाराला पोचवायचं असेल ते कुरियरने पाठवा.

बाबा खर्रा (सुपारी-तंबाखू) खातात का? तुम्ही लिहिलेलं नाही, पण आपल्याकडे विचारावं लागतं. मेट्रोत खाणं-थुंकणं चालत नाही, दंड होतो. खर्रा, काडेपेटी, लायटर घरीच ठेवलेलं बरं. काडेपेटी आणि लायटर विमानतळावर काढून घेतातच. तिखट, लोणचं, तेल, ठेचा हे सगळं काउंटरवर द्यायच्या मोठ्या बॅगेत, हातातल्या पिशवीत नको. मोठी बॅग बहुतेक तिकिटांत १५ किलो, हातातली ७. संत्र्याची पेटी न्यायची असेल तर ती वजनात धरा आणि घरी काट्यावर चढवून बघा, किराणा दुकानाचा काटा चालतो. मोबाइलची पॉवर बँक मात्र उलट, हातातच ठेवायची, मोठ्या बॅगेत चालत नाही. आणि तिकिटावरचं नाव आधार कार्डाप्रमाणे आहे ना, ते आज बघा. आईंच्या आधारवर माहेरचं नाव आणि तिकिटावर सासरचं, अशी तिकिटं माझ्याकडे दर महिन्याला दुरुस्तीला येतात.

एअरपोर्ट स्टेशनवर उतरल्यावरचा शेवटचा तुकडा. फीडर गाडी (स्टेशन ते टर्मिनल नेणारी) मिळाली तर बसा, पण ती मिळेल असं धरून वेळ काढू नका. बाहेर ऑटो, ई-रिक्षा असतात, भाडं आधी ठरवा. "जवळच तर आहे, चालू न" असं बाबा म्हणतील. डिसेंबरात, हातात एक पिशवी असलेल्या तरुणाने चालावं. मे महिन्यात दुपारी नागपूरच्या ४५ अंशांत दोन बॅगा ओढत टर्मिनल गाठलेल्या माणसाचं ब्लडप्रेशर विमानाच्या आत शिरल्यावर वाढतं.

आता दुसरा बेत. विमानतळाला जायला तुमच्या दिशेचा एक फायदा आहे, तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरकडून येणाऱ्या एसटी वर्धा रोडनेच नागपुरात शिरतात. विमानतळाचा चौक त्यांना शहराच्या आधी लागतो. लोक गणेशपेठला, मुख्य स्टँडवर जातात, उतरतात, आणि मग ज्या रस्त्याने आले त्याच रस्त्याने मेट्रोने मागे येतात. वर्ध्याहून सेलू, केळझर, बुटीबोरी करत खापरी, चिंचभवन आलं की कंडक्टरला सांगून विमानतळाच्या चौकात उतरायचं, तिथून ऑटोने पाच-दहा मिनिटं. मेट्रो नाही, जिने नाहीत, सीताबर्डी नाही, आउटरही नाही. कंडक्टर आधी कबूल करून चौकात उतरवायला विसरतो, म्हणून तिकीट काढतानाच सांगायचं आणि बुटीबोरी मागे पडली की परत सांगायचं. वयस्क माणसांना मी अलीकडे हाच बेत जास्त सुचवतो: पुलगावपर्यंत ठरवलेला ऑटो, पुलगाव ते वर्धा मिळेल ते, वर्ध्याहून एसटी. वर्ध्याहून नागपूरला दिवसभर गाड्या आहेत, एक गेली तर दुसरी मिळते.

मामांची गाडी केव्हा करावी? चौघं जण जात असाल, बाबांना दम लागत असेल, किंवा पाऊस धो-धो असेल, तर करावी, त्यात कमीपणा काही नाही. मग समृद्धी महामार्गाने जा. विरूळजवळून चढता येतं आणि नागपूरकडचं टोक शिवमडक्याला आहे. तिथून शहरात न शिरता विमानतळाकडे वळायला सांगा, ड्रायव्हर नवीन असेल तर तो सवयीने सीताबर्डीपर्यंत नेतो.

मुंबईच्या बाजूचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, तरी एवढंच: 'मेट्रो ३' ही भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून विमानतळाला दोन स्टेशनं आहेत, टर्मिनल १ चं वेगळं आणि टर्मिनल २ चं वेगळं, मधे सहार रोड. आई-बाबांचं विमान कुठे उतरतंय ते तिकिटावर बघा. टर्मिनल २ असेल तर मरोळ नाका पुढचंच स्टेशन, मोह होईल "आई, मेट्रोने ये" म्हणण्याचा. तसं करू नका. भुयारात फोन लागेलच असं नाही, आणि पहिल्यांदा विमानातून उतरलेला माणूस आधीच गोंधळलेला असतो. अर्ध्या दिवसाची रजा टाका आणि बाहेर पडायच्या दारात उभ्या राहा. मग हवं तर तिघं मिळून मेट्रोने जा.

परतीचं विमान संध्याकाळी सातनंतर नागपूरला उतरणारं घेऊ नका. सामान मिळून बाहेर पडेपर्यंत आठ, पुलगावला उतरेपर्यंत गावची मुक्कामी निघून गेलेली. दुपारी एक-दोनला उतरणारं मिळालं तर बघा. आणि रेल्वेने येणार असतील तर एक गोष्ट तिकीट काढताना तपासा: बल्लारशाकडे जाणाऱ्या गाड्या सेवाग्रामला थांबतात, पुलगावकडच्या वर्ध्याला. दोन्ही स्टेशनं वर्ध्याचीच, पण रात्री नऊला चुकीच्या स्टेशनवर उतरलं तर पुढे ऑटो शोधत बसावं लागतं.

बाबांच्या गुडघ्यांचं काय आहे आणि बॅगा किती, ते लिहा. दोनपेक्षा जास्त बॅगा असतील तर रेल्वेचं विसरा, वर्ध्याहून एसटीच बरी पडेल. एसटीच्या डिकीत बॅग गेली की ती उतरेपर्यंत कोणाच्या पायाखाली येत नाही.